पदवी आंतरराष्ट्रीय व्यापाराची, सुरुवात सांगलीच्या मालापासून: महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील वाणिज्य व व्यवस्थापन महाविद्यालयांचे प्राचार्य,
आणि शिवाजी विद्यापीठाच्या वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेतील अभ्यास मंडळांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

इंटरनॅशनल बिझनेसची (आयबी) पदवी घ्यावी का, आणि ती सांगलीत राहून घेता येईल का, हा प्रश्न तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत भागातले पालक मला सतत विचारतात. मी सांगलीत निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. द्राक्ष, बेदाणा, हळद, कधी डाळिंब, कधी यंत्रांचे सुटे भाग. माल कोणताही असो, तो न्हावा शेवा बंदरातून सुटेपर्यंत लागणारे कागद आमच्या टेबलावरून जातात. त्यामुळे "ताई, आमच्या पोरीला आयबीला घालू का?" असं विचारायला लोक हक्काने येतात. प्रत्येकाला मी माझ्या परीने सांगते. पण या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझी विनंती अशी की, ही पदवी जिथे शिकवली जाते आहे किंवा सुरू करायचा विचार आहे, तिथे ती या जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या मालापासून शिकवायला सुरुवात करा. सिद्धान्त, बहुराष्ट्रीय कंपन्या, जागतिक व्यापार संघटना हे सगळं यायलाच हवं. पण विद्यार्थी तिथपर्यंत मार्केट यार्डातल्या पोत्यापासून निघून पोचावा.

पुण्याच्या महाविद्यालयांत बीबीए-आयबी बरीच वर्षं चालू आहे आणि इथली मुलं तिकडे जातात. खोली, मेस आणि फी मिळून घरावर किती बोजा पडतो ते आपल्याला माहीत आहे. मुलगा असेल तर घरचे सोसायटीचं, बँकेचं कर्ज काढून पाठवतात. मुलगी असेल तर "इथंच बी.कॉम. कर" म्हणून विषय संपतो. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या, इंग्रजी चांगलं असलेल्या कितीतरी मुलींची वाट या एका वाक्याने बदललेली मी पाहिली आहे. सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी पोचता येईल अशा ठिकाणी ही पदवी चांगल्या दर्जाची मिळाली, तर सगळ्यात मोठा फायदा या मुलींचा होईल. आणि हे काम त्यांना घरापासून फार लांब न जाता करता येतं, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

पण दर्जाचं काय? इंटर्नशिपसाठी आमच्याकडे मुलं येतात, तेव्हा मी त्यांच्या वह्या आणि प्रश्नपत्रिका आवर्जून बघते. पहिली दोन वर्षं बहुतेक साध्या बीबीएचीच असतात: व्यवस्थापनाची तत्त्वं, अकाउंट्स, बिझनेस कम्युनिकेशन. पुढे त्याच विषयांची आंतरराष्ट्रीय आवृत्ती येते, आणि आयात-निर्यात कार्यपद्धतीचा एखादा पेपर. मुलांना शिपिंग बिलाचे, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या घोषणापत्राचे, प्रकार पाठ असतात, पण खरं शिपिंग बिल त्यांनी कधी हातात धरलेलं नसतं. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा १८१७ सालचा तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन या उदाहरणासह, घडाघडा म्हणता येतो. तासगावचा बेदाणा कुठे कुठे जातो असं विचारलं की मात्र खोलीत शांतता. ही मुलं हुशार असतात, महिन्याभरात शिकतातही. मग तीन वर्षांत हे का शिकवलं गेलं नाही, असा विचार माझ्या मनातून जात नाही.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा एक कंटेनर घ्या. माझ्या मते तीन वर्षांचा निम्मा अभ्यासक्रम त्या एका कंटेनरवर शिकवता येईल.

त्याची सुरुवात बागेत होते. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्र सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्था २००६ पासून चालू आहे. बागेची नोंद होते, प्रयोगशाळेत घडांचे नमुने जातात, औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेत आहेत असा अहवाल आला की माल पॅकहाऊसला जातो. रॉटरडॅमच्या गोदामातल्या खोक्यावरून मागे मागे जात मणेराजुरीची किंवा सावळजची बाग शोधता येते. आयातदार देशाचा कायदा आपल्या शेतापर्यंत कसा येतो, हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं मिळणार?

२०१० साली काय झालं ते या जिल्ह्यातला प्रत्येक निर्यातक्षम बागायतदार विसरलेला नाही. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात ते, द्राक्षांत सापडलं म्हणून युरोपातल्या बंदरांत भारतीय कंटेनर अडकले. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती. रसायन इथे सर्रास वापरात होतं आणि त्या हंगामापर्यंत आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. निर्यातदार बुडाले, बागायतदारांचे पैसे अडकले, त्यानंतर यादी बदलली. या एका प्रसंगावर एक अख्खं सत्र शिकवता येईल. जोखीम कोणाची होती? खरेदीदाराच्या करारात काय लिहिलं होतं? मर्यादा बदलते आहे हे कळण्याची व्यवस्था कोणाकडे होती? तिथल्या प्रयोगशाळेचा अहवाल आणि इथल्या प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा आला तर कोणाचा धरायचा? हे प्रश्न परदेशातल्या विद्यापीठाच्या केस स्टडीत असतात तेवढेच गंभीर आहेत, आणि त्यांची उत्तरं देणारी माणसं सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर राहतात.

मग पॅकहाऊस, प्री-कूलिंग, शून्य अंशाच्या आसपास तापमान राखणारा रीफर कंटेनर, आणि पिकावर कीड-रोग नाही असं सांगणारं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. पाठोपाठ इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती. प्रत्येक कागद कोणासाठी आहे आणि त्यात एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे कागद स्वतः भरल्याशिवाय कळत नाही. ताज्या द्राक्षांचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०, हळदीचा ०९१०३०. हे सहा आकडे जगातल्या बहुतेक सगळ्या कस्टम्सना तेच समजतात, कारण जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. आपल्या देशात पुढे आणखी दोन आकडे लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यार्डातल्या दहा वस्तूंचे कोड शोधून आणायला सांगा. ओली हळद, वाळलेलं हळकुंड आणि हळद पावडर यांचे आठ आकडी कोड वेगळे का आहेत, हे त्याला एकदा उमगलं की आयात शुल्क नावाची गोष्ट पुस्तकातून उतरून त्याच्यासमोर येते.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाच्या इन्कोटर्म्स २०२० मध्ये, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेता आणि खरेदीदारात कशी वाटायची ते सांगणाऱ्या नियमांत, ११ संज्ञा आहेत आणि मुलं त्या ओळीने म्हणून दाखवतात. पण सीआयएफने माल विकला, विक्रेत्याने भाडं भरलं, विमाही काढला, आणि भर समुद्रात माल खराब झाला तर नुकसान कोणाचं, असं विचारलं की दहातली आठ मुलं विक्रेत्याचं म्हणतात. भाडं विक्रेत्याचं असलं तरी जोखीम माल जहाजावर चढल्याबरोबर खरेदीदाराकडे गेलेली असते. तसंच, इथले व्यापारी सवयीने एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, असं लिहितात. कंटेनर मात्र जहाजावर चढण्याआधी टर्मिनलच्या आवारात सोपवला जातो, म्हणून कंटेनरच्या मालासाठी एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराला सोपवेपर्यंत जोखीम विक्रेत्याची, ही संज्ञा वापरा असं खुद्द व्यापारी मंडळ सांगतं. मधल्या त्या दोन-चार दिवसांत रीफर बंद पडला तर माल कोणाचा? हा वाद परीक्षेत विचारा, संज्ञेचं पूर्ण रूप विचारू नका.

पैशाचा विषय तर इथल्या प्रत्येक घराला लागलेला आहे. द्राक्षाचा माल नेऊन पैसे बुडवल्याच्या तक्रारी जिल्ह्यात हंगाम संपता संपता ऐकू येतात. निर्यातीतही युरोपला जाणारी बरीच द्राक्षं आधी ठरलेल्या पक्क्या दरावर जात नाहीत. माल तिथे पोचून विकला गेल्यावर हिशेब होतो. अशा वेळी आगाऊ रक्कम, लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी), कागदपत्रांच्या बदल्यात पैसे आणि उधारी या चार मार्गांतला फरक ज्याला कळतो, तो आपल्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या उपयोगाला येतो. लेटर ऑफ क्रेडिटचे यूसीपी ६०० हे नियम जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यातलं मूळ सूत्र असं की बँक कागद बघते, माल बघत नाही. एलसीत 'टर्मरिक फिंगर' लिहिलं आणि इनव्हॉइसवर 'होल टर्मरिक' आलं, तर माल कितीही उत्तम असला तरी बँक हरकत काढू शकते. निर्यातीचे पैसे न मिळाल्यास संरक्षण देणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून काम करते. तिचं नाव पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाने आमच्या कार्यालयात पहिल्यांदा ऐकावं, याचं मला वाईट वाटतं.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं चढलं, घडांचे देठ सुकू लागले. येमेनच्या किनाऱ्यावर घडलेल्या गोष्टीचा परिणाम तासगाव तालुक्यातल्या बागेत जाणवला. भू-राजकारण हा शब्द न वापरताही तो विषय शिकवता येतो, मुलांना फक्त त्या हंगामाची भाड्याची बिलं दाखवा.

हळदीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांना १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने जुन्या ग्रंथांचे आणि शोधनिबंधांचे दाखले देऊन ते पेटंट आव्हानित केलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. बौद्धिक संपदेचा धडा सांगलीत शिकवताना हे आलंच पाहिजे. पण तिथेच थांबू नका. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. सांगलीच्या यार्डात मात्र मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातूनही हळद येते. सांगलीत सौदा झालेली सगळी हळद मानांकनाच्या अर्थाने सांगलीची नाही. मग खोक्यावर काय छापायचं? मानांकन मिळाल्याने दर वाढला का? वाढला नसेल तर अडलं कुठे? राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झालं. सांगली इतकी मोठी पेठ असताना तिकडे का, हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न आहे. तो वर्गात आकडेवारी घेऊन मांडला तर त्यातून चांगला प्रकल्प होईल.

आंतरराष्ट्रीय व्यापार म्हटलं की आपल्याकडे निर्यातच डोळ्यांसमोर येते. आयातही तितकीच शिकवायला हवी. चीनचा बेदाणा दुसऱ्या देशाचा म्हणून शुल्क चुकवून देशात येतो आणि आपला दर पाडतो, अशी इथल्या बेदाणा उत्पादकांची तक्रार आहे. ती समजायची तर मूळ देशाचे नियम, सवलतीचं शुल्क आणि ओरिजिन सर्टिफिकेट समजावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. या करारांचे तक्ते सरकारी संकेतस्थळांवर सगळ्यांना खुले आहेत. बेदाण्याची ओळ शोधून तिचा अर्थ लावणं, हे काम दुसऱ्या वर्षाच्या मुलाला जमलं पाहिजे.

सिद्धान्त नकोत असं मी म्हणत नाही, तो गैरसमज होऊ नये. उलट आपल्याकडे सिद्धान्त तपासून पाहण्याची अशी जागा आहे जी मोठ्या शहरांतल्या संस्थांकडे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली गलाईवाली माणसं बघा. दुष्काळाने गाव सोडायला लावलं आणि सोनं-चांदी गाळण्याचं कसब घेऊन ही माणसं केरळपासून पंजाबपर्यंत आणि आसामपर्यंत पोचली. मुलगा आधी कोणाच्या तरी दुकानात राहतो, भट्टी शिकतो, त्या गावची भाषा शिकतो, सराफांचा विश्वास कमावतो, मग स्वतःचं दुकान टाकतो आणि गावाकडून पुढचा मुलगा बोलावतो. स्वीडनच्या योहान्सन आणि वाल्ने या अभ्यासकांनी १९७७ साली मांडलं की कंपन्या आधी ओळखीच्या, जवळच्या बाजारात जातात आणि शिकत शिकत दूर सरकतात. याला उप्सला मॉडेल म्हणतात आणि ते या पदवीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असतं. गलाईवाल्यांना ते लागू पडतं का? त्यांनी जवळचा बाजार आधी निवडला, की जिथे भाऊबंद होते तो? विट्याच्या मुलीने आपल्या मामाची मुलाखत घेऊन हे लिहिलं तर तो सिद्धान्त तिला आयुष्यभर आठवेल, आणि कदाचित तिच्या लिखाणातून त्या सिद्धान्ताची मर्यादाही दिसेल. परक्या मुलखात व्यवहार कसा करावा हे आपण परदेशी प्राध्यापकांच्या तक्त्यांवरून शिकवतो, आणि ज्यांनी ते पिढ्यान्पिढ्या केलं त्यांना महाविद्यालयाच्या फाटकातून आत बोलावत नाही, हे मला खटकतं.

१९१० साली माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप देशोदेशी जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली मानांकन मिळालं. एकेक वाद्य हवाई मार्गाने पाठवायचं तर पॅकिंग, विमा, लाकडाबद्दलचे नियम हे सगळंच निराळं. प्रत्येकावर लिहीत बसत नाही. मुद्दा आपल्या लक्षात आला असेल.

भाषेबद्दल मात्र आग्रहाने लिहिते. या पदवीत एखादी परदेशी भाषा असते आणि ती बहुधा जर्मन, फ्रेंच किंवा जपानी असते, तीही एक-दोन सत्रांपुरती. नमस्कार, माझं नाव अमुक, इतक्यावर ती संपते. भाषा ठेवायची तर तिन्ही वर्षं ठेवा, नाहीतर तेवढे तास दुसऱ्या कामाला द्या. आणि निवड करताना आपला माल कुठे जातो ते बघा. आपल्या द्राक्षांचा फार मोठा खरेदीदार बांगलादेश आहे. तिथलं आयात शुल्क वाढलं की मिरज पूर्व भागात जागेवरचा दर उतरतो. ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवर उभे राहिले की फोनवर तासन्‌तास बोलणी चालतात, तीही मोडक्यातोडक्या हिंदीत. सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाने बंगाली शिकवायला घेतली तर ती मुलं पहिल्याच हंगामात कामाला येतील. आखातासाठी अरबीचंही तसंच. जर्मनला माझा विरोध नाही. पण हॉलंडचा आयातदार आपल्याशी इंग्रजीत बोलतो, आणि ढाक्याच्या आडतदाराला त्याच्या भाषेतलं एक वाक्य विश्वास देऊन जातं.

आता वेळापत्रक. हा मुद्दा लहान वाटेल, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. द्राक्षाचा निर्यात हंगाम जानेवारी ते एप्रिल. नव्या हळदीची आवक याच काळात वाढते, बेदाण्याची शेड याच काळात भरतात. आणि महाविद्यालयं मुलांना इंटर्नशिपला मे-जूनमध्ये पाठवतात. तेव्हा पॅकहाऊसला कुलूप असतं. मुलं येतात, जुन्या फायली चाळतात, आम्ही शिक्का मारून देतो. त्यांच्याही पदरात काही पडत नाही आणि आम्हालाही मदत होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट ठेवलेले आहेत. ते सहाव्या सत्रात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सलग आठ-दहा आठवडे ठेवा आणि लेखी विषय त्यानंतर घ्या. युरोपातल्या अनेक महाविद्यालयांत या पदवीसाठी अख्खं सत्र कंपनीत काढणं सक्तीचं असतं. आपल्याला तेवढं जमलं नाही तरी हंगाम तरी साधता येईल. यासाठी विद्यापीठाला परीक्षेच्या तारखांत लवचीकता द्यावी लागेल, आणि ते अभ्यास मंडळाच्या एका ठरावाशिवाय होणार नाही.

शिकवणार कोण, असं आपण म्हणाल. नेट-सेट झालेले प्राध्यापक सिद्धान्त शिकवतील, ते त्यांचं काम आहे आणि त्याचा मला आदर आहे. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस कस्टम हाऊस एजंट, बँकेच्या फॉरेक्स विभागातला निवृत्त अधिकारी, पॅकहाऊसचा व्यवस्थापक, हळदीचा अडत्या यांना बोलवा. त्यांच्यातले काही जण पदवीधर नसतील. मानधनाच्या अर्जावर पात्रतेचा रकाना असतो, तो त्यांच्यासाठी मोकळा करा. आणि आपल्या प्राध्यापकांनाही एक हंगाम आमच्याकडे पाठवा. ते आले तर आम्हालाही खूप शिकता येईल. व्यवहारात रोज करतो त्याचं कारण आम्हालाही पुष्कळदा माहीत नसतं.

पालकांशी स्पष्ट बोला, ही माझी हात जोडून विनंती. जाहिरातीच्या फलकावर विमान आणि पृथ्वीगोल असतो, म्हणून पालकांना वाटतं की पोरगं परदेशात नोकरीला जाणार. या पदवीनंतर पहिली नोकरी बहुधा निर्यातदाराच्या किंवा मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या फ्रेट फॉरवर्डरच्या कार्यालयात, शिपिंग कंपनीत, कस्टम्सच्या कामात किंवा बँकेच्या ट्रेड फायनान्स टेबलावर असते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. अनुभवाने तो चांगला वाढतो. पुढे शिकायचं तर १९६३ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेडसारख्या संस्था आहेत, तिथल्या प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षापासून करावी लागते. हे सगळं प्रवेशाच्या दिवशी सांगितलं तर काही पालक परत जातील. जे थांबतील ते तीन वर्षं मनापासून साथ देतील.

आणखी एक. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी गावाकडच्या कित्येक मुलांना ही परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं, जागा रिकाम्या राहिल्या, पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. आटपाडी-जतच्या कनिष्ठ महाविद्यालयांत डिसेंबर-जानेवारीत जाऊन सीईटीचा अर्ज भरून घेणं हे काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. तुमचे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ते उत्तम करतील. शहरातल्या मुलांना क्लासवाले सांगतात. यांना सांगणारं कोणी नाही.

आयात-निर्यात कोडबद्दल, म्हणजे हा व्यापार करायला लागणाऱ्या सरकारी क्रमांकाबद्दल, एक सावधगिरीची सूचना. तो पॅनवर, ऑनलाइन, ५०० रुपयांत मिळतो म्हणून काही ठिकाणी वर्गातल्या सगळ्या मुलांना कोड काढायला लावतात आणि 'आमचे इतके विद्यार्थी निर्यातदार' असं छापतात. तो कोड दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो, नाहीतर तो निष्क्रिय होतो. व्यवहार नसताना मुलांच्या नावावर अशी नोंद करून ठेवू नका. त्याऐवजी वर्गाची एक छोटी सहकारी संस्था किंवा महाविद्यालयाचा एकच कोड घेऊन वर्षातून एक खरी शिपमेंट करा, अगदी पन्नास किलो हळद पावडरची का असेना. तिचा खरेदीदार शोधण्यापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंतचं सगळं काम मुलांनी करावं. त्यात तोटा झाला तरी चालेल, त्याचा हिशेब मात्र मुलांनीच लिहावा आणि त्याला गुण असावेत.

रांजणीच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनरचं आणि कस्टम्सचं काम करणाऱ्या केंद्राची, चर्चा आपण सगळे बरीच वर्षं ऐकतो आहोत. ते होईल तेव्हा होईल. तिथे काम करायला माणसं लागतील आणि ती मुंबईहून आणायची की इथली घडवायची, हे मात्र आजच ठरवता येण्यासारखं आहे.

पुढच्या हंगामासाठी माझा प्रस्ताव साधा आहे. नोव्हेंबरमध्ये, ऑक्टोबर छाटणीनंतरची बागायतदारांची पहिली धावपळ ओसरली की, एका महाविद्यालयात अर्ध्या दिवसाची बैठक ठेवा. अभ्यास मंडळाचे दोन-तीन सदस्य, इच्छुक प्राचार्य, काही निर्यातदार, एक-दोन बागायतदार आणि आमच्यासारखे कागदपत्रांचं काम करणारे असे पंचवीस-तीस जण बसू. नावं झाकलेल्या खऱ्या फायलींचा एक संच मी सोबत आणते: एक द्राक्षाची, एक बेदाण्याची, एक हळदीची, आणि एक अशी जिच्यात एलसीवर हरकत आली होती. त्या चार फायली पुढ्यात घेऊन कोणता विषय कोणत्या सत्रात बसतो ते आपण तिथेच ठरवू. जानेवारीत आठ विद्यार्थी घेण्याची आमच्या कार्यालयाची तयारी आहे. त्यात किमान चार मुली असाव्यात आणि त्यांची शेवटची एसटी चुकणार नाही अशी वेळ आम्ही ठेवू. बैठकीची तारीख आपण कळवावी.

आपली विश्वासू,
निर्यात कागदपत्रांचं काम करणारी एक सांगलीकर